कपातला फेस आणि घरचा हिशेब



मिरजेहून एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. त्या एका दवाखान्यात आया म्हणून काम करतात. मालक कुपवाडच्या एमआयडीसीत हेल्पर आहेत. थोरला मुलगा सांगलीला कॉलेजात शिकतो. त्यांनी लिहिले आहे की, घरी आम्ही दोन रुपयांच्या पुडीची कॉफी करतो. तीही पाहुणे आले किंवा कुणी रात्रपाळीवरून आले तरच, एरवी चहा. आता मुलगा म्हणतो, आई, ही कॉफीच नव्हे. तो मित्रांबरोबर विश्रामबागेकडे कॅफेत जातो आणि दीडशे रुपयांची कॅपुचिनो पितो, आठवड्यातून दोनदा. यावरून त्याच्या वडिलांचे आणि त्याचे रोज वाजते. वडील म्हणतात हा माज आहे. मुलगा म्हणतो, मग शिकवलेत कशाला? शेवटी ताईंनी आम्हांस विचारले आहे, याला माज म्हणायचे की प्रगती?

हा प्रश्न एका घरचा नाही. साताऱ्यात पोवई नाक्यापासून कॉलेजांच्या रस्त्यापर्यंत, सांगलीत, मिरजेत, कराडला काचेची दारे असलेली कॉफीची दुकाने निघाली आहेत. त्यांत आपल्या वस्तीतली मुले-मुलीही बसतात. बसू द्यावीत. आम्ही आधी बसण्याबद्दल बोलू, कपाबद्दल मागाहून.

आपल्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. गावच्या हॉटेलात आपल्यासाठी कपबशी वेगळी असे. कान तुटलेली, बाहेर वळचणीला ठेवलेली. आपण ती स्वतः विसळायची, पुढे धरायची, वरून चहा ओतला जायचा. बाकावर बसायचे नाही. प्यायचा, पुन्हा विसळायची आणि जागेवर ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. राज्यघटना १९५० साली लागू झाली आणि तिच्या १५व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. तरी ती कपबशी वळचणीवरून लगेच खाली आली नाही. बाबा आढाव यांना १९७२ च्या सुमारास 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ याच महाराष्ट्रात काढावी लागली, यावरून काय ते समजावे.

आणि सातारा म्हटल्यावर मसूरचे स्टेशन कसे विसरता येईल? बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात दाखल झाले. पुढच्याच सुमारास ही भावंडे वडिलांना भेटायला त्यांच्या नोकरीच्या गावी निघाली. अंगावर नवे कपडे, जवळ पैसे, डबा भरलेला. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले, तेव्हा कुठे गाडी मिळाली. वाटेत प्यायला पाणी कुणी दिले नाही. पाण्यावाचून डबाही खाता आला नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. खिशात दुप्पट पैसे होते आणि घोटभर पाणी नव्हते.

ज्या जिल्ह्यात हे घडले, त्याच जिल्ह्यात आज आपली पोरगी टेबलावर बसते, बटण दाबून वेटरला बोलावते आणि तो कप तिच्यापुढे ठेवून जातो. तिला जात विचारली जात नाही. निदान तिथे तरी नाही. म्हणून वडिलांना आमची विनंती आहे की, त्या बसण्याला 'माज' म्हणू नका. ते बसणे आपल्या आजोबांना कोणत्याही किमतीत मिळत नव्हते.

पण बसण्याची किंमत आणि कपाची किंमत या दोन गोष्टी आहेत. मुलाने इथे गल्लत केली आहे. आपण शिकलो याची खूण दीडशेचा कप आहे, असे त्याला वाटते. कॅफेवाल्यालाही त्याला तसेच वाटायला हवे असते, कारण धंदा त्यावर चालतो. तेव्हा त्या कपात असते काय, ते एकदा नीट पाहू.

मुलाच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, हे ताईंनी मान्य करावे. पुडीतली कॉफी म्हणजे कारखान्यात आधीच काढलेला अर्क वाळवून केलेली पूड. पुष्कळदा तिच्यात चिकोरी असते. चिकोरी हे एका झाडाचे मूळ, भाजून दळलेले. त्याने रंग गडद येतो, कडवटपणा येतो आणि माल स्वस्त पडतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत तुम्ही मूळ पिता. पाकिटावर बारीक अक्षरांत हे प्रमाण छापलेले असते. आजवर कितीजणींनी वाचले आहे?

एस्प्रेसोची गोष्ट निराळी. नाव इटलीतले आहे. तुरीन शहरात आंजेलो मोरियोंदो नावाच्या गृहस्थाने १८८४ साली वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे अनेकांनी त्यात सुधारणा केल्या. १९४८ पासून मिलानच्या गाज्जिया यांची दांड्याची यंत्रे बाजारात आली, तेव्हा आज दिसतो तो तांबूस साईसारखा थर कॉफीवर येऊ लागला. यंत्र करते ते एवढेच की, बारीक दळलेली ताजी कॉफी एका जाळीच्या वाटीत दाबून बसवायची आणि तिच्यातून गरम पाणी हवेच्या नऊपट दाबाने रेटायचे. मोटारसायकलच्या टायरात असते त्याच्या चौपटीहून जास्त हा दाब. पंचवीस-तीस सेकंदांत दोन घोट कॉफी उतरते. घट्ट, कडू, वासाची. तोच एस्प्रेसो. त्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो, वाफेने फुलवलेले दूध आणि वर जाड फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त नि फेस कमी केला की लाटे, चॉकलेट मिसळले की मोका. चार नावे, पण खाली तोच दोन घोटांचा अर्क. 'कॅपुचिनो' हे नाव कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या तपकिरी झग्यावरून पडले आहे. आपण एखाद्या पेयाला भिक्खूंच्या चीवराच्या रंगावरून नाव द्यावे, तसेच हे.

आता वाचक हसतील, कारण 'एक्सप्रेसो' आपल्याला नवा नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातली लग्ने आठवा. मंगल कार्यालयाच्या किंवा मांडवाच्या कोपऱ्यात एक चकचकीत पिंप असे, त्याला नळ्या आणि चाव्या. जेवणे झाली की त्याच्यापुढे रांग. केटरर्सचा पोऱ्या दुधाच्या भांड्यात नळी बुडवायचा, किंचाळल्यासारखा आवाज व्हायचा, फेस वर यायचा, आणि वरून चॉकलेटची भुकटी भुरभुरायची. मुले तो फेस मिशांना लावून घेत हिंडायची. कोणाच्या लग्नात 'एक्सप्रेसो' होता आणि कोणाच्या लग्नात नुसता चहा, यावर भावकीत महिनाभर चर्चा चालायची. कर्ज काढूनही 'एक्सप्रेसो' सांगितल्याची उदाहरणे आमच्या माहितीत आहेत. गंमत अशी की त्यात एस्प्रेसो नव्हताच! पिंपात पाणी उकळून वाफ तयार व्हायची, ती दुधात सोडायची, आणि कॉफी तीच पुडीची. दाब कॉफीवर नव्हता, दुधावर होता. फेस खरा, नाव खोटे. तेव्हा मुलाला नावे ठेवण्याआधी आपणही फेसाच्या मागे लागलो होतो, हे वडीलधाऱ्यांनी आठवावे.

आता पैसे. आम्ही किराणा दुकानात, डेअरीत आणि एका कॅफेच्या मेनूकार्डावर भाव पाहून अंदाजी हिशेब केला आहे. घरचा कप असा, पाऊण पेला दूध नऊ-दहा रुपये, पुडी दोन रुपये, साखर नि गॅस मिळून दोन रुपये. चौदा रुपये धरा. कॅफेच्या कपात सोळा-अठरा ग्रॅम चांगली भाजलेली कॉफी जाते, ती वीस रुपयांची धरली, दूध दहा रुपयांचे. साखर, कागदी रुमाल मिळून पस्तीस रुपयांच्या आत माल बसतो. दीडशेतले उरलेले एकशे पंधरा कुठे गेले? सगळे मालकाच्या खिशात गेले, असे म्हणणे चुकीचे होईल. यंत्र काही लाखांचे, त्याचा हप्ता. विश्रामबागेतल्या गाळ्याचे भाडे. वीज, एसी. दळणाऱ्या, ओतणाऱ्या, टेबल पुसणाऱ्या पोरांचे पगार. आणि ग्राहक एका कपावर दोन तास बसतो त्या खुर्चीचे भाडे. बिलावर पाच टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे मुलगा दीडशेत पस्तीसची कॉफी पितो आणि बाकीच्यात दोन तासांची खुर्ची भाड्याने घेतो. त्याला खुर्चीच हवी असेल तर तसे म्हणावे. घर दोन खोल्यांचे, टीव्ही सुरू, मित्रांना बसवायला जागा नाही, ही खरी अडचण आहे आणि आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. पण आठवड्याला दोनदा म्हणजे महिन्याला बाराशे-तेराशे रुपये झाले. आपल्या पुष्कळ गावांत अभ्यासिकेची महिन्याची फी यात भागते, आणि तिथे खुर्ची दिवसभर मिळते.

जाता जाता एक. मोठ्या शहरांतल्या काही हॉटेलांत बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावतात. तो सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांनी न लाजता तो काढून मागावा.

कॉफी ही साहेबांची आणि चहा आपला, अशीही एक समजूत आहे. तिच्यात दम नाही. आपल्या देशात कॉफी आणली ती बाबा बुदन या सूफी फकिराने, येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. देशातली बहुतेक कॉफी आजही शेजारच्या कर्नाटकात होते, आणि कोडगूच्या मळ्यांत ती तोडणारे हात येरवा, जेनू कुरुबा अशा आदिवासींचे असतात. ज्यांच्या श्रमावर हा धंदा उभा आहे ते कोणत्या कॅफेत बसतात, हा प्रश्नही मुलाने कपावर फेस असताना मनात आणावा.

बाबासाहेबही कॉफी पीत. न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांचे जेवण काय होते, ते धनंजय कीरांनी चरित्रात दिले आहे. एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटणाची किंवा माशाची एक डिश, याला एक डॉलर दहा सेंट पडत. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरले त्यात जुनी पुस्तके घ्यायची. त्या ताटात कॉफी होती. पण दुसरा कप नव्हता.

कॉफीची दुकाने बायाबापड्यांच्या उपयोगाची कशी होतात, याचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस निघाले. नंतर कॉफी बोर्डाने अशी दुकाने गावोगाव चालवली आणि पन्नासच्या दशकात तोट्याचे कारण सांगून बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले की, दुकाने तुम्हीच चालवा. १९५७ साली बंगलोरला आणि मग दिल्लीला वेटर-आचाऱ्यांच्या सहकारी संस्था झाल्या. केरळात, बंगालात, मध्य प्रदेशात त्या पसरल्या. कालपर्यंत ट्रे उचलणारा माणूस संस्थेचा सभासद झाला. केरळातल्या कॉफी हाऊसांत आजही गरीब माणूस संकोच न करता शिरतो. सांगली-साताऱ्यात साखरेचे, दुधाचे, सुताचे सहकार झाले, पण त्यांत आपली माणसे खुर्चीवर किती आणि मोळी बांधायला किती, ते वाचकांना ठाऊक आहे. खासगी कॅफेंची लाट पुढची. १९९६ साली बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे निघाले, २०१२ साली मुंबईत टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स आले, आणि त्यांचे बघून जिल्ह्याच्या गावांत छोटे कॅफे निघाले.

आपण मात्र गंगाराम कांबळे यांना विसरलो. कोल्हापूरच्या पागेत काम करणारा हा माणूस, पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला फोडून काढले. शाहू महाराजांनी त्याला हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक हॉटेल'. महाराच्या हातचा चहा कोण पिणार, असे गाव म्हणत होते. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. मग नाही कोण म्हणतो! पुढे त्यांनी गंगारामांना सोड्याचे यंत्रही दिले. ते यंत्र म्हणजे त्या काळचे एस्प्रेसो यंत्रच समजा. महाराजांनी त्याला नुसता चहाचा कप दिला नाही, गल्ला दिला.

मुलाला कॉफीची एवढी गोडी लागली असेल तर त्याने ती काऊंटरच्या पलीकडून पाहावी, असे आम्ही सुचवू. सुट्टीत कॅफेत काम करण्यात कमीपणा नाही. यंत्र चालवणाऱ्याला 'बरिस्ता' म्हणतात, आणि हे हाताचे कौशल्य आहे. दळण किती बारीक, दूध किती तापवायचे, हे सरावाने येते. बंगलोरला कॉफी बोर्ड 'कापी शास्त्र' नावाचे छोटे अभ्यासक्रम चालवते. धंदा काढायचा तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची चौकशी करावी. पहिल्या फेरीत काम होईल असे आम्ही म्हणत नाही. कागद दोनदा मागतील, साहेब रजेवर असतील. तरी जावे. मिळालेल्या पावतीवर तारीख घालून घ्यावी.

आता आरोग्याचे दोन शब्द, आणि हे मुलापेक्षा ताईंसाठी जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या सूचना काढल्या. त्यांत १५० मिलिलिटर कपाचे कॅफिन दिले आहे. गाळलेली कॉफी ८० ते १२० मिलिग्रॅम, पुडीची ५० ते ६५, चहा ३० ते ६५. दिवसाला ३०० च्या वर जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. याहून महत्त्वाची सूचना अशी की, जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच निघाले आहे. आपल्या घरात काय चालते? बाई सगळ्यांना वाढते, उरलेली भाकरी नि कालवण खाते, आणि त्याच घासावर चहा ओतते. सकाळी नुसत्या चहावर कामाला जाते. मेथी, शेवग्याचा पाला, हळीव खाऊन काय उपयोग, जर वर लगेच चहा गेला? घड्याळ लावून तासभर थांबावे. मुलाच्या दीडशेच्या कपापेक्षा घराचे नुकसान या फुकटच्या चुकीने जास्त होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. गरोदर भगिनींनी तर चहा-कॉफी मोजूनच घ्यावी. कॅफेतल्या थंड, क्रीम घातलेल्या, कॅरॅमल ओतलेल्या प्रकारांबद्दल आम्ही काही लिहीत नाही, ती मिठाई आहे.

ताईंनी मुलावर चिडून कॉफी बंद करू नये. घरात चांगली करावी. मिरजेच्या किंवा सांगलीच्या भांड्यांच्या पेठेत स्टीलचा दक्षिणी फिल्टर मिळतो, दोन-चारशे रुपयांत, आणि तो दहा वर्षे मोडत नाही. इटलीत १९३३ साली बियालेत्ती यांनी गॅसवर ठेवायचे अल्युमिनियमचे छोटे भांडे काढले, 'मोका पॉट' म्हणतात त्याला. तेही आता इकडे मिळते. त्यात दाब एस्प्रेसोइतका नसतो, पण कॉफी घट्ट उतरते. मुलाने दोन आठवडे कॅफेत न जाता वाचवलेल्या सहाशे रुपयांत फिल्टर आणि पाव किलो पूड येते.

फिल्टरची कृती अशी. वरच्या भोके असलेल्या भांड्यात तीन मोठे चमचे कॉफी घालावी. इन्स्टंट नव्हे, फिल्टरची जाडसर पूड. चकतीने हलके दाबावे, ठेचू नये, नाहीतर पाणी उतरत नाही. वरून उकळते पाणी कपभर हळूहळू ओतावे, झाकण ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. खाली काळा अर्क जमतो. एका कपाला त्यातला पाव भाग, बाकी गरम दूध, साखर बेताची. दूध दोन पेल्यांत उंचावरून चारदा ओतले की फेस आपोआप येतो, वाफेचे यंत्र लागत नाही. चिमूटभर जायफळ आवडत असेल तर शेवटी घालावे. उरलेला अर्क झाकून ठेवल्यास संध्याकाळपर्यंत चालतो. पूड घेताना पाकीट उलटे करून चिकोरी किती ते पाहावे, आणि पहिल्यांदा ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी असे मिश्रण घ्यावे. नुसती कॉफी पहिल्या दिवशी मालकांना आंबट लागेल.